खानेसुमारी

जनगणनेला मराठीत दोन जुने शब्द आहेत. एक खानेसुमारी आणि दुसरा शिरगणती. यातला 'खाना' म्हणजे घर, दवाखान्यातला आणि कारखान्यातला तोच. तेव्हा खानेसुमारी ही मुळात घरांची मोजदाद आणि शिरगणती ही डोक्यांची. बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत राहिलो, आणि मग 'जनगणना' या तिसऱ्या, सरकारी शब्दानं दोघांनाही घरी बसवलं. मला मात्र हे दोन शब्द हल्ली वेगवेगळेच ऐकू येतात. लहान उपनगरांचे आकडे वाचायला लागल्यापासून.

हो, वाचायला. काही लोक रात्री झोपण्याआधी रहस्यकथा वाचतात, मी लोकसंख्येचे तक्ते वाचतो. घरच्यांनी याबद्दल काही बोलायचं आता सोडून दिलंय. मोठ्या शहरांचे तक्ते मला फारसे आवडत नाहीत. कोटीच्या घरातली संख्या म्हणजे लांबून पाहिलेला डोंगर, त्यावरचं एकही झाड दिसत नाही. पण चार-पाच हजारांची वस्ती असली, आणि तीही शहराच्या कडेला नव्यानं वसलेली, की तक्त्याचा शेवटचा अंकसुद्धा बोलायला लागतो. '७५ ते ७९, पुरुष : ४.' हे चार जण एकमेकांना ओळखत असणार. सकाळी फिरायला जाताना एकमेकांना दिसत असणार. पुढच्या तक्त्यात '८५ ते ८९, पुरुष : १' असं दिसलं की मी पान उलटायच्या आधी थोडा थांबतो.

उपनगर म्हणजे नक्की काय, यावर जगात एकमत नाही आणि ते होईलसं वाटतही नाही. डेन्मार्कमध्ये सलग वस्तीत २०० माणसं असली की ती वस्ती 'नागरी' म्हणून मोजली जाते. भारतात नगरपालिका नसलेल्या वस्तीला अशा मान्यतेसाठी किमान ५,००० लागतात, वर घनतेची आणि शेतीबाहेरच्या कामाची अट. म्हणजे तिकडचं शहर इकडे वाडीसुद्धा ठरणार नाही. व्याख्यांच्या या भांडणात मी पडत नाही. मला उपनगर ओळखता येतं ते त्याच्या वयावरून.

वय माणसांना असतं तसं वस्तीलाही असतं, हे मला लेव्हिटाउननं शिकवलं. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांच्या जागी हे उपनगर उभं राहिलं. दुसरं महायुद्ध संपून सैनिक परतले होते, लग्नं झाली होती, आणि राहायला घरं नव्हती. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबं राहायला आली. बांधकाम ऐन भरात असताना दिवसाला तीसहून जास्त घरं पुरी होत होती. १९५१ मध्ये काम संपलं तेव्हा घरांचा आकडा १७,४४७ होता. सुरुवातीच्या घरांचा नकाशा सगळीकडे एकच होता. खाली दोन झोपायच्या खोल्या, वर अर्धवट सोडलेला पोटमाळा. कुटुंब वाढेल तसा तो तुम्ही पुरा करून घ्यायचा. घर बांधणाऱ्यालाच कुटुंब वाढणार हे ठाऊक होतं, इतकं ते उघड होतं. लोकांनी या वसाहतीला 'फर्टिलिटी व्हॅली' असं नाव पाडलं होतं. दुसरं नाव सशांच्या खुराड्यावरून होतं.

आता या खानेसुमारीला शिरगणतीशेजारी ठेवून बघा. १९६० च्या जनगणनेत लेव्हिटाउनची लोकसंख्या ६५,२७६ होती. २०१० मध्ये ती ५१,८८१ झाली होती आणि २०२० मध्येही जवळपास तेवढीच राहिली. पन्नास वर्षांत तेरा हजारांहून जास्त माणसं कमी झाली, पाचातलं एक. भूकंप झाला नाही, साथ आली नाही, गिरणी बंद पडली नाही. घरं जागच्या जागी उभी आहेत, वाढवलेली, रंगवलेली, काही दुप्पट झालेली. वहीच्या मागच्या पानावर मी भागाकार केला तर १९६० ला घरामागे पावणेचार माणसं येतात, २०१० ला तीनला थोडी कमी. (हा हिशेब ढोबळ आहे. जनगणनेच्या नकाशातलं लेव्हिटाउन आणि त्या बांधकाम कंपनीचं लेव्हिटाउन तंतोतंत एकच नाही. तो विषय पुढे येईलच, कारण त्यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय.) अख्ख्या अमेरिकेतही हेच झालं. १९६० मध्ये एका कुटुंबात सरासरी ३.३३ माणसं होती, आता अडीचच्या आसपास आहेत. घर भरलेलं असूनही वस्ती रिकामी होत जाते, ती अशी, घरटी पाऊण माणसानं.

पाऊण माणूस म्हणजे कोण? बहुतेक वेळा पोटमाळ्यावरच्या खोलीतला मुलगा किंवा मुलगी.

शाळेत आपल्याला लोकसंख्येचा मनोरा शिकवतात. खाली लहान मुलांची रुंद पायरी, वर जावं तशी निमुळती, टोकाला म्हातारे. नव्या उपनगराची आकृती काढली तर तो मनोरा राहत नाही, डमरू होतो. खाली दहा वर्षांच्या आतली मुलं, म्हणून तळ रुंद. मध्ये पंधरा ते चोवीसची कंबर अगदी बारीक, कारण त्या वयाची माणसं अशा ठिकाणी घर घेत नाहीत आणि इथं जन्मलेली मुलं अजून तेवढी मोठी झालेली नाहीत. वर पंचवीस ते चाळीस पुन्हा रुंद, ते या मुलांचे आईबाप. त्याच्या वर जवळपास काहीच नाही. या डमरूत आजी-आजोबा सापडत नाहीत. ते दुसऱ्या कुठल्या तरी तक्त्यात, दुसऱ्या गावाच्या नावाखाली असतात.

डमरूची खरी गंमत अशी, की तो स्थिर नसतो. दहा वर्षांनी पाहावं तर दोन्ही फुगवटे दहा वर्षांनी वर सरकलेले. विल्हेल्म लेक्सिस या जर्मन संख्याशास्त्रज्ञाच्या नावानं यासाठी एक आकृती ओळखली जाते. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वय आणि प्रत्येक माणूस म्हणजे एक तिरपी रेघ. जन्माला आलात की तळापासून निघायचं, वर्षाला एक घर पुढे आणि एक घर वर, मृत्यूपर्यंत. या रेघा मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाऱ्यानं तिरपी झालेली पावसाची सर आठवली. जुन्या गावात ही सर सगळीकडे सारखी पडते, कारण तिथं सगळ्या वयाची माणसं असतात. नव्या उपनगरात मात्र फक्त दोन जाड पट्टे दिसतात. बाकी आकृती कोरडी. आणि हे पट्टे जिथून जिथून जातात तिथं तिथं गर्दी करून जातात. आधी पाळणाघरं पुरत नाहीत, मग प्राथमिक शाळेत वर्ग दोन पाळ्यांत भरवावे लागतात, मग मैदान कमी पडतं. प्रत्येक वेळी घाईघाईनं एक इमारत उभी राहते आणि ती पुरी होईतो पट्टा पुढे सरकलेला असतो. उपनगराच्या शाळा या अर्थानं नेहमीच उशिरा बांधल्या जातात आणि लवकर रिकाम्या होतात.

अशा वस्तीत सरासरी काढणं ही निव्वळ थट्टा असते. समजा शंभर जणांत पन्नास मुलं पाच वर्षांची आणि पन्नास मोठी माणसं पस्तीसची. सरासरी वय वीस. त्या शंभरांत वीस वर्षांचा एकही माणूस नाही. 'तरुणांची वसाहत' म्हणून कोणी तिथं महाविद्यालय काढलं तर बाकं पंधरा वर्षं धूळ खातील. म्हणून समंजस तक्ते सरासरीऐवजी मध्यक देतात. माणसं वयानुसार रांगेत उभी केली तर बरोबर मधल्याचं वय. पण डमरूपुढे मध्यकही गोंधळतो. मधला माणूस म्हणून तो कधी मुलाला उभं करतो, कधी बापाला, आणि एखादं कुटुंब राहायला आलं-गेलं की उडी मारून पलीकडे जातो.

छोट्या आकड्यांचा हा चंचलपणा मोठा फसवा. वस्तीत एका वर्षी दहा जन्म झाले, दुसऱ्या वर्षी सहा. टक्केवारीत मांडलं तर जन्म चाळीस टक्क्यांनी घसरले. एखाद्या उत्साही माणसानं त्यावर आलेख काढला तर वस्तीचा अंतकाळ जवळ आलाय असं वाटेल. प्रत्यक्षात काय झालं असेल? दोन कुटुंबं वर्षभर थांबली असतील, एक बाई बाळंतपणासाठी दुसरीकडे गेली असेल, एक जोडपं बदली होऊन निघून गेलं असेल. याला कोणी 'कल' म्हणू नये.

हे मी शहाणपणानं सांगतोय असं वाटेल, पण तसं नाही. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या वस्तीचे दोन जनगणनांमधले आकडे शेजारी मांडले आणि मित्रांना ठणकावून सांगितलं, की हे ठिकाण मरतंय. दहा वर्षांत तिसरा हिस्सा माणसं गेली. कारणंही शोधून काढली, आणि ती छान जुळत होती. कारणं नेहमीच जुळतात. मग तळटीप वाचली. दोन जनगणनांच्या मध्ये हद्द बदलली होती. एक अख्खी बाजू शेजारच्या शहरात गेली होती. माणसं होती तिथंच होती, सकाळी त्याच दारातून बाहेर पडत होती. फक्त नकाशावरची रेघ त्यांच्या अंगणातून पलीकडे सरकली होती. तेव्हापासून मी तळटीप आधी वाचतो.

लेव्हिटाउनच्या बाबतीत तर ही रेघ आणखी गमतीची आहे. ते कायद्यानं शहर नाही, त्याला स्वतःची नगरपालिका नाही. जनगणना खात्यानं नोंदीच्या सोयीसाठी एक हद्द आखली आणि त्या हद्दीतल्या माणसांना लेव्हिटाउनकर ठरवलं. पन्नास हजार लोकांचं गाव, आणि ते गाव म्हणून फक्त तक्त्यातच पुरतं अस्तित्वात आहे.

याच्या उलटं टोक म्हणजे नेब्रास्कामधलं मोनोवाय. उपनगर नव्हे, एक विरत गेलेलं खेडं. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ होती. एकच वृद्ध स्त्री. २०२० च्या तक्त्यात मात्र मोनोवायची लोकसंख्या २ दिसते. नवं कोणी राहायला आलं नव्हतं. अमेरिकेच्या जनगणना खात्यानं त्या वेळी लहान जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळायचं ठरवलं होतं, कोणा एकाची माहिती आकड्यांतून उघडी पडू नये म्हणून. राज्याच्या बेरजेत ही गडबड दिसत नाही. पण जिथं राहणारंच एक जण, तिथं ती दुसरा माणूस होऊन बसते. हे वाचल्यावर मी हसलो. मग माझं '८५ ते ८९, पुरुष : १' आठवलं. ज्याच्यासाठी मी पान उलटायचा थांबलो होतो तो कदाचित नव्हताच. किंवा दोघे होते.

तक्ता कोण आहेत ते सांगतो. कोणाला येऊ दिलं नाही ते सांगायला त्यात रकाना नसतो. लेव्हिटाउनच्या सुरुवातीच्या करारात कलमच होतं, की घर गोऱ्यांखेरीज कोणाला वापरू देता येणार नाही, घरकामाला असलेले नोकर सोडून. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की असली कलमं न्यायालयं अमलात आणून देणार नाहीत. कलम गेलं, रिवाज राहिला. त्याच बांधकाम कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं मुलांसह राहायला आलं तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगड आले. पोलीस ठेवावे लागले, प्रकरण न्यायालयात गेलं. मायर्स कुटुंब हटलं नाही. पण लाँग आयलंडच्या लेव्हिटाउनमध्ये २०१० मध्येही कृष्णवर्णीय रहिवासी शंभरात जेमतेम एक होते. त्या निकालाला बासष्ट वर्षं झाली होती. वयाचे फुगवटे वर सरकत सरकत एक दिवस तक्त्याबाहेर जातात, पण पहिल्या दिवशी दारात कोणाला अडवलं याचा ठसा घरांसारखाच टिकतो. कारण घर विकत घेतलेल्याची मुलं ते पुढे विकतात, त्यातून दुसरं घेतात. ज्याला पहिलं घरच घेऊ दिलं नाही त्याच्या मुलांकडे विकायला काय असणार?

आणखी एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही, ती म्हणजे दिवस. जनगणना माणसाला तो जिथं झोपतो तिथं मोजते. त्यामुळे लंडनच्या ऐन मध्यावरच्या 'सिटी'त साडेआठ हजारांच्या आसपास रहिवासी आहेत आणि कामाला पाच लाखांहून जास्त माणसं येतात. उपनगर म्हणजे याच छायाचित्राची निगेटिव्ह. तक्त्यात पाच हजार, आणि सकाळी अकराला रस्त्यावर एक टपालवाला.

मग माणसं गेली कुठं हे कळायचं कसं? जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. राहायला आलो, निघून गेलो, याची नोंद अनेक देशांत कुठंच होत नाही. स्वीडनसारखे देश वेगळे. तिथं पत्ता बदलला की सरकारी नोंदवहीत बदलावा लागतो, आणि लोकसंख्येची देशभर आकडेवारी ठेवायची सवय त्यांना १७४९ पासूनची आहे. बाकीच्यांना वजाबाकी करावी लागते. या जनगणनेत दहा ते चौदा वयाची समजा तीनशे मुलं आहेत. दहा वर्षांनी वीस ते चोवीसच्या रकान्यात बघायचं. तिथं एकशे सत्तर सापडली, तर बाकीची एकशे तीस काही मेलेली नसतात. शिकायला गेली, कामाला गेली, कोणाच्या तरी प्रेमात पडून गेली. मला या वजाबाकीचं फार अप्रूप वाटतं. लोकसंख्याशास्त्रात तिला कोरडेपणानं 'अवशेष पद्धत' म्हणतात.

मुलं गेली की आईबाप राहतात, आणि तेही सगळे एकाच वयाचे. टोकियोच्या पश्चिमेच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. जवळपास सगळी तरुण जोडपी. पाच मजली इमारती, उद्वाहन नाही, कारण तिशीतल्या माणसाला पाच मजले म्हणजे काय! चाळीस वर्षांनी तीच माणसं त्याच जिन्यांवर दर मजल्याला थांबू लागली. मुलांसाठी बांधलेल्या शाळांतल्या काही बंद झाल्या. तिथल्या एका भागात रहिवाशांनी मोठ्या बहुमतानं ठरवून जुन्या इमारती पाडून नव्या, उंच बांधल्या. सगळीकडे एवढं जमत नाही. जे एकत्र आले ते एकत्र म्हातारे होतात, यात तसं नवल नाही. नवल याचं, की घरं बांधताना ते कोणाच्याच मनात नव्हतं. पोटमाळा ठेवणाऱ्याला मूल होणार हे कळलं होतं. जिना बांधणाऱ्याला गुडघे दुखणार हे कळलं नाही.

वरच्या रकान्यांत मग एक बाजू दुसरीपेक्षा लांब होत जाते, स्त्रियांची. बायका जास्त जगतात आणि बहुतेक वेळा नवऱ्याहून वयानं लहान असतात. म्हणून नव्या उपनगराचा तक्ता जोडप्यांचा असतो आणि पन्नास वर्षांनंतरचा एकेकट्या बायकांचा. एकेका घरात एकेक. खानेसुमारी तेवढीच.

अमेरिकेत जनगणनेचे मूळ कागद बहात्तर वर्षं बंद ठेवतात. १९५० चे कागद एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले, आणि ज्या आठवड्यात झाले त्याच आठवड्यात मी लेव्हिटाउनची पानं उघडून बसलो. तक्ता नव्हे, प्रगणकाच्या हातची पानं. एका पानावर तीस ओळी. पुरुष तिशीच्या अलीकडे-पलीकडे, खाली बायको, खाली मूल, खाली आणखी एक मूल. पुढचं घर, पुन्हा तेच. गेल्या आठवड्यात काय करत होता या रकान्यात पुरुषांपुढे कामाची खूण आणि बायकांपुढे एच, म्हणजे घरकाम. एच, एच, एच, पानभर. मी डमरू आजवर आकृतीत पाहिला होता. इथं तो हातानं लिहिलेल्या अक्षरांतून सरळ माझ्याकडे बघत होता.

वयाच्या रकान्यात सगळ्यांपुढे आकडा असतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाचं वय आकड्यात कसं लिहिणार? प्रगणकांना सूचना होती, की अशा वेळी जन्माचा महिना लिहा. त्यामुळे अठ्ठावीस, सव्वीस, तीन अशा आकड्यांखाली मध्येच एखाद्या ओळीत महिन्याचं नाव येतं. ऑक्टोबर. पुढे कुठं तरी जानेवारी.

१९६० ची पानं २०३२ मध्ये उघडतील. जानेवारीवालं बाळ त्यात दहा वर्षांचं असेल, बहुधा पोटमाळ्यावरच्या खोलीत, आणि खाली कदाचित आणखी दोन ओळी वाढलेल्या असतील. ते पान मी बघेन त्या दिवशी ते स्वतः, असलं तर, ब्याऐंशीचं असेल. कुठल्या गावच्या तक्त्यात, ते वजाबाकी करूनही कळायचं नाही.